फक्कीतला तिसरा मजला

घर बांधण्याआधी त्या घरात एक दिवस राहून बघायचं, ही कल्पना आर्किटेक्टबाईंची. बाई ज्या संस्थेत होत्या तिचं काम एवढंच, की मिळून घर बांधू पाहणाऱ्या लोकांना एकमेकांचा गळा धरू द्यायचा नाही, आणि धरलाच तर त्याला ‘प्रक्रिया’ म्हणायचं. तेवीस कुटुंबं तीन वर्षं दर गुरुवारी एका बंद पडलेल्या लॉन्ड्रीत जमून ही प्रक्रिया करत होती. त्यातून चार मजल्यांचा एक नकाशा, नियमांची एक लेखी घटना, सात पोटसमित्या आणि दोन कायमची भांडणं एवढं निष्पन्न झालं होतं. महापालिका शहरातला जुना बसडेपो त्यांना द्यायला तयार होती. अट अशी, की रविवारी चार वाजेपर्यंत अंतिम नकाशावर तेवीसच्या तेवीस सह्या हव्यात. बावीस झाल्या तर जागा गाड्यांच्या पार्किंगला जाणार होती.

म्हणून त्या रविवारी सकाळी सगळे डेपोत जमले आणि मैदानात खेळाच्या रेषा आखतात त्या पांढऱ्या फक्कीने त्यांनी आपली अख्खी इमारत डांबरावर खऱ्या मापात आखली. एकावर एक मजले डांबरावर आखता येत नाहीत, त्यामुळे ते एकापुढे एक आखले. फाटकाजवळ तळमजला, त्याच्यापुढे पहिला, मग दुसरा, आणि पार मागच्या भिंतीला टेकून तिसरा. दोन मजल्यांच्या मधे जिन्याची अरुंद चौकट आणि चौकटीत एक लाकडी खोका. खोक्यावर अठरा वेळा चढलं-उतरलं की माणूस वरच्या मजल्यावर पोचला असं समजायचं. खाली येतानाही तेवढंच. प्रत्येकाने आपापल्या घरात खुर्ची, चटई, स्टोव्ह मांडायचा, दिवसभर राहायचं, आणि दुपारी तळमजल्यावरच्या टेबलापाशी येऊन सही करायची.

नियम एकच: रेषा ओलांडायची नाही. भिंत म्हणजे भिंत. हा नियम त्यांच्यातल्याच एका प्लंबरने मांडला होता आणि देखरेखीलाही तोच होता. सकाळी नर्सबाईंचा नवरा विचारांच्या तंद्रीत न्हाणीघराच्या भिंतीतून बाहेर आला, तर प्लंबरने त्याला आल्या वाटेने परत पाठवलं आणि दारातून यायला लावलं. नवऱ्याने दार उघडल्याची खूण म्हणून हवेत हात फिरवला. प्लंबर म्हणाला, “आणि लावलं कुणी?” नवरा परत गेला आणि दार लावून आला.

या तेवीस कुटुंबांचे सेक्रेटरी होते चष्मेवाले. एकसष्ट वर्षांचे, बारीक आवाजाचे. सेक्रेटरी ते कसे झाले याची हकिकत सगळ्यांना पाठ होती. पहिल्याच बैठकीत “सेक्रेटरी कोण होणार?” असं कुणीतरी विचारलं आणि नेमकं तेव्हाच चष्मेवाल्यांनी डोळा चोळायला हात वर केला. हात खाली घेतला तोवर टाळ्या वाजून गेल्या होत्या. खुलासा करायचा तर पुन्हा हात वर करावा लागणार, म्हणून त्यांनी पद स्वीकारलं.

चष्मेवाले लग्नाच्या भानगडीत कधी पडले नव्हते. आपल्या चष्म्यांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, ते आणि त्यांची थोरली बहीण राहत. बहिणीला सगळं जग अक्का म्हणे. अक्कांचं वजन भरपूर आणि जीभ धारदार, पण गुडघ्यांनी मात्र साथ सोडलेली. गेल्या सात महिन्यांत त्या एकदाच खाली उतरल्या होत्या, डॉक्टरकडे जायला, आणि वर येताना प्रत्येक पायरीला चष्मेवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. त्या आपल्याही पिढ्या आहेत हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. आता ती इमारत पाडायची ठरली होती. पावसाळ्यापर्यंत घर सोडायचं होतं. त्यामुळे डेपोतल्या घराशिवाय बहीण-भावाला दुसरा आसरा नव्हता.

आणि इथेच चष्मेवाल्यांचं गेले दोन महिने अडलं होतं.

तळमजल्यावर घरं तीन आणि ती मागणारे पाच. चिठ्ठ्या टाकल्या. सेक्रेटरी म्हणून चिठ्ठ्या चष्मेवाल्यांनीच उचलल्या आणि प्रामाणिकपणे स्वतःच्या विरुद्ध उचलल्या. त्यांच्या वाट्याला तिसरा मजला आला. मंडळींची पद्धत अशी, की कुठलाही निर्णय एकमताने. प्रत्येकाकडे तीन कार्डं: हिरवं म्हणजे मान्य, पिवळं म्हणजे शंका, लाल म्हणजे थांबा. एक लाल कार्ड निघालं तरी सगळं थांबलं. तीन वर्षांत लाल कार्ड एकदाच निघालं होतं, जिन्याच्या कठड्याच्या रंगावरून, आणि तो रंग अजून ठरायचा होता. चिठ्ठ्यांनंतर आर्किटेक्टबाईंनी विचारलं, “कुणाची हरकत?” चष्मेवाल्यांना हरकत होती. पण त्या वेळी ते इतिवृत्त लिहीत होते आणि बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांच्या हाताने ‘हरकत नाही’ असं लिहूनही टाकलं होतं. लिहिलेलं खोडणं त्यांच्या जिवावर यायचं. घरी आल्यावर अक्कांनी विचारलं, “मिळालं का घर?” चष्मेवाले म्हणाले, “मिळालं. जागा मोकळी आहे.” कितवा मजला ते अक्कांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणून यांनी सांगितलं नाही, आणि असे दोन महिने गेले.

दुकानात हा माणूस चाळीस वर्षं दिवसभर प्रश्न विचारत आला होता. ही काच बरी की ती, अक्षर आता दिसतं की मघाशी दिसत होतं. दुकानाचं शटर खाली आलं की प्रश्न संपले.

रविवारी अक्कांना दोन मजले उतरवण्यातच सकाळ गेली, आणि दोघं टॅक्सीने डेपोत पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते. तळमजल्यावर सह्यांच्या टेबलापाशी फक्त आर्किटेक्टबाई होत्या, आणि आपल्या घरात बुटक्या स्टुलावर पाय ठेवून नर्सबाई. बाकी सगळी मंडळी पहिल्या मजल्यावरच्या सामाईक हॉलमध्ये जेवत होती. महापालिकेच्या अधिकारीबाईही तिथेच होत्या. हा गट एकत्र नांदू शकतो की नाही, हे बघून अहवाल द्यायचा म्हणून त्या आल्या होत्या. त्यांच्या मांडीवर फाईल होती आणि फाईलवर बशी.

अक्का काठी टेकत फाटकातून आत आल्या. त्यांनी रेषांकडे बघितलं.

“बाळ्या, आपलं कुठलं?”

“पुढे आहे.”

“पुढे म्हणजे किती? ते अंगण झालं. हे धुण्याचं झालं. या नर्सबाई बसल्यात. पुढे तर जिना दिसतोय.”

“हो.”

“हो काय?”

“जिन्याच्या पुढे,” चष्मेवाले म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छ होता.

अक्कांनी भावाकडे बराच वेळ बघितलं. मग काठी त्याच्या हातात दिली, कठडा समजून त्याचाच खांदा धरला, आणि खोक्यावर पाय ठेवला.

“एक,” त्या म्हणाल्या.

पाचव्या पायरीला हॉलमधलं बोलणं थांबलं. आठव्याला नर्सबाई उठून उभ्या राहिल्या. अकराव्या पायरीवर अक्का थांबल्या, त्यांनी दोन श्वास घेतले आणि त्या खोक्यावर बसल्या. बैठक प्रशस्त होती. चौकटीत दोन्हीकडे टीचभर जागा उरली.

“मी अकराव्या पायरीवर आहे,” त्यांनी जाहीर केलं. “वर उरल्या सात, त्या व्हायच्या नाहीत. खाली अकरा, त्याही व्हायच्या नाहीत. मी आता इथेच राहते. बाळ्या, माझी उशी आण.”

आर्किटेक्टबाईंनी वही उघडली. “हे फार मोलाचं आहे,” त्या पुटपुटल्या. “बोलत राहा.”

पहिल्या मजल्यावरून माणसं जिन्याच्या तोंडाशी गोळा झाली. सगळ्यात पुढे प्लंबर. त्याने सकाळपासून पाच कप चहा घेतला होता, आणि डेपोतलं एकुलतं एक खरं संडास फाटकापाशी होतं.

“अक्का, जरा बाजूला होता का?”

“कुठे होऊ? बाजूला भिंत आहे ना तुमची?”

प्लंबरने भिंतीकडे बघितलं. भिंत दोन बोटं रुंद होती आणि मधे थोडी वाऱ्याने उडालीही होती. पण ती त्यानेच मारली होती.

“दोनच मिनिटं उभ्या राहा. मी पटकन निघून जातो.”

“मेल्या, उभं राहता आलं असतं तर बसले कशाला असते?”

गर्दीतून ट्रकवाला म्हणाला, “अरे, गॅलरीतून उडी मार ना.”

“पहिल्या मजल्यावरून? पाय मोडेल,” प्लंबर म्हणाला. तो हे थट्टेने म्हणाला नव्हता. तीन वर्षं ही माणसं या घरात इतकी राहिली होती, की आता ते नाही असं धरून चालणं कुणालाच जमेना. चाळीसेक धडधाकट माणसं दोन बोटं फक्कीमागे कोंडून पडली होती आणि सही करायचं टेबल त्यांना समोर दिसत होतं.

तीन वाजले. सव्वातीन झाले. अक्कांची उशी घरी होती, म्हणून नर्सबाईंनी आपली दिली. अक्कांनी ती पाठीशी घेतली, जिन्यात आलेल्या प्रत्येकाची चौकशी केली आणि ट्रकवाल्याच्या बायकोला केस आखूड करायचा सल्ला दिला. प्लंबर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. अधिकारीबाईंनी घड्याळ बघितलं, फाईल उघडली, त्यात काहीतरी लिहिलं आणि फाईल मिटली. ते लिहिणं चष्मेवाल्यांनी खालून बघितलं. सही झाली नाही तर पार्किंग. सही झाली तर अक्का आणि चौपन्न पायऱ्या.

“माझी,” ते म्हणाले.

कुणाला ऐकू आलं नाही. अक्कांना आलं.

“गप्प बसा रे,” अक्का वरच्या गर्दीला म्हणाल्या. “सेक्रेटरी काहीतरी म्हणताहेत. सहा महिन्यांतून एकदा म्हणतात.”

“माझी हरकत आहे,” चष्मेवाले म्हणाले.

प्लंबरसुद्धा स्थिर उभा राहिला.

“कार्ड कुठाय?” त्याने विचारलं.

चष्मेवाल्यांनी खिसे चाचपले. “घरी राहिलं.”

“मग तोंडी हरकत झाली. घटनेत तोंडी हरकत नाही. तुम्हीच लिहिलीत ना घटना?”

“माझं घ्या,” नर्सबाई म्हणाल्या आणि आपलं लाल कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. “कोरं आहे. सगळी हरकत घरातच वापरून होते माझी.”

चष्मेवाल्यांनी कार्ड वर धरलं. हात या वेळी डोळा चोळायला वर गेलेला नव्हता. “चिठ्ठ्यांच्या दिवशी मी ‘हरकत नाही’ लिहिलं. कुणी विचारायच्या आधी लिहिलं. ते खोटं होतं. मला तळमजला हवा आहे. अक्कासाठी. तीन मजले तिला चढवणार नाहीत. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि मी तिला सांगितलं नाही. आज अशीच सही करून टाकणार होतो.”

त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात लांब भाषण होतं. ते संपलं तेव्हा त्यांनाच नवल वाटलं.

नर्सबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने मान हलवली. त्याने न हलवता काय केलं असतं हा प्रश्नच होता. “आम्ही वर जातो,” त्या म्हणाल्या. “आमचं घर अक्कांना घ्या. आम्हाला चढायला काही नाही.”

आर्किटेक्टबाईंचे डोळे भरून आले. ट्रकवाल्याच्या बायकोने नाक ओढलं. वातावरण असं काही मंगल झालं, की आता कुणीतरी गाणं म्हणेल अशी भीती वाटू लागली.

“मला नको,” अक्का म्हणाल्या.

“काय?” चष्मेवाले म्हणाले.

“तळमजला नको. मी कधी मागितला होता?”

“अगं, तुझे गुडघे—”

“गुडघे माझे आहेत, मी गुडघ्यांची नाही. खाली काय दिसतं रे? येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला. आणि खिडकी उघडी टाकली की ते माझ्या घरात डोकावणार. बाळ्या, सात महिने मी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीवर जगतेय. समोरच्याचा संसार मोडला ते त्याच्या आधी मला कळलं होतं. त्याच्या बायकोने भांडी बांधायला काढली ना, तेव्हाच. मला वरच पाहिजे. तिसरा मिळाला ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं होतं.”

“ऐकलं? कुणाकडून?”

“या प्लंबरच्या बायकोकडून. दोन महिने झाले. मी म्हटलं, बघू तरी हा कधी सांगतो. आणि लिफ्ट असेलच असं धरून चालले. चार मजली घर, तेवीस शहाणी माणसं. लिफ्ट नसेल असं कुठल्या सरळ डोक्यात येईल?”

आता माना खाली घालायची पाळी सगळ्यांची होती. लिफ्टचा विषय मागच्या वर्षी निघाला होता. जिन्याला लागून प्रत्येक मजल्यावर एक सामाईक अडगळीची खोली होती. लिफ्ट बसवायची तर चारही मजल्यांवरच्या त्या खोल्या जाणार. आज जी माणसं एकेका खोलीत सहा-सहा जण झोपत होती, त्यांना आयुष्यात पहिल्यांदा अडगळ ठेवायला जागा मिळत होती, आणि ते सुख सोडायला कुणी तयार नव्हतं.

“ते रीतसर ठरलंय,” प्लंबर दातांवर दात ठेवून म्हणाला. “तेवीस विरुद्ध शून्य.”

“शून्य कसं? मी होते ना.”

“कुटुंबाला एक मत. तुमचं सेक्रेटरींनी दिलं.”

अक्कांनी खाली बघितलं. भाऊ लाल कार्ड धरून उभा होता.

“मी हिरवं दाखवलं,” चष्मेवाले म्हणाले. “मला वाटलं आपण तळमजल्यावरच असू. आणि सगळेच हिरवं दाखवत होते.”

“विचारलं होतंस मला?”

“नाही.”

“तळमजला हवा का, विचारलंस?”

“नाही, अक्का.”

“चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोस,” अक्का म्हणाल्या.

मग त्या प्लंबरकडे वळल्या. “काय ठेवणार आहेस रे तू त्या खोलीत?”

“नळ. जुने.”

“चालतात?”

“चालत असते तर अडगळीत कशाला टाकले असते?”

कुणीतरी हसलं. प्लंबरला हसणं त्या क्षणी परवडणारं नव्हतं, म्हणून तो तेवढा गंभीर राहिला.

ट्रकवाल्याची बायको म्हणाली, “माझी आई कधीची यायचं म्हणते. जिना चढवत नाही म्हणून अडलंय.”

“म्हणून तर मी जिन्याला मत दिलं होतं,” ट्रकवाला बोलून गेला. नंतर त्याच्या लक्षात आलं. बायकोने त्याच्या खिशातून त्याचं हिरवं कार्ड काढलं आणि स्वतःच वर धरलं.

“लिफ्टला,” ती म्हणाली.

मग कार्डं निघू लागली. काही मनापासून निघाली, काही लाजेकाजेस्तव, दोन-तीन नुसती जेवण जड झालं म्हणून. एकाने विचारलं, की मग जुन्या सायकली कुठे ठेवायच्या. त्याच्या बायकोने त्याला तिथेच सांगितलं कुठे ठेवायच्या ते. शेवटी प्लंबर उरला. त्याच्या कपाळावर घाम होता.

“माझी एक शंका आहे,” तो म्हणाला आणि त्याने पिवळं कार्ड काढलं. “लिफ्ट मंजूर झाली, तर ती लगेच वापरता येईल का?”

आर्किटेक्टबाईंनी मिनिटभर विचार केला. “रेषा मारली की भिंत होते,” त्या म्हणाल्या. “मग लिफ्ट का होऊ नये?”

प्लंबरने हिरवं कार्ड वर केलं. बाईंनी झाडूने जिन्यालगतची अडगळीची खोली पुसून काढली आणि फक्कीने चौकोन मारला. फक्की खाली बसायच्या आत प्लंबर चौकोनात शिरला होता. तो क्षणभर ताठ उभा राहिला, कारण नियम तो नियम. मग पलीकडून उतरला आणि फाटकाकडे धावत सुटला.

त्याच्यामागून अधिकारीबाई खाली आल्या आणि टेबलापाशी बसल्या. त्यांनी घड्याळ सगळ्यांना दिसेल असं पुढे केलं. चार वाजून बारा मिनिटं.

“मुदत चारची होती,” त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यांना वाटलं, आपलं लांब भाषण आखूड असतं तर वेळेत झालं असतं. ट्रकवाला खाली डांबराकडे बघू लागला.

“चार वाजता मी पहिल्या मजल्यावर होते,” अधिकारीबाई सावकाश म्हणाल्या. त्यांनी पेन काढलं. “जिना बंद, लिफ्ट नाही. खाली यायला मार्ग नव्हता. अर्ज स्वीकारणारी व्यक्ती टेबलापाशी पोचली ती चार वाजून अकरा मिनिटांनी. मी तसं लिहीन. तुमच्या नियमात मी अडकले, तर तुम्हीही माझ्या नियमात तेवढंच अडका. भराभर सह्या करा.”

सह्या झाल्या. प्लंबरने ओल्या हाताने केली आणि कागदावर ठिपका पडला. अधिकारीबाईंनी तो टिपून घेतला. ‘नकाशात दुरुस्ती: लिफ्ट’ असं समासात लिहून त्यांनी फाईल बगलेत धरली आणि त्या फाटकातून निघून गेल्या. जाताना त्या वळून म्हणाल्या, “एकत्र नांदता येईल का, या रकान्यात काय लिहू ते मला अजून कळत नाहीये. पण भांडता येतं, एवढं नक्की.”

मंडळी आवराआवरीला लागली. नर्सबाई आणि चष्मेवाले यांनी दोन्ही दंडांना धरून अक्कांना खोक्यावरून उठवलं. अक्का जिन्याच्या चौकटीत उभ्या राहिल्या, त्यांनी मागच्या भिंतीच्या दिशेने बघितलं आणि सरळ तिकडे चालायला लागल्या. पहिल्या मजल्याच्या हॉलमधून, दुसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी झोपायच्या खोलीतून, कपाटातून, भिंतीतून. प्लंबर बघत होता. त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या चौकोनात, अक्का थांबल्या. डेपोच्या मागच्या भिंतीपलीकडे जुन्या इमारतींची एक रांग होती आणि तिच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. एका गॅलरीत एक बाई फोनवर बोलता बोलता हात नाचवत होती. अक्कांनी डोळे बारीक केले.

चष्मेवाले मागोमाग आले. त्यांच्या हातात वही आणि पेन होतं, आणि काठी काखेत. मग त्यांनी घसा साफ केला.

“अक्का, तुझी खुर्ची कुठे ठेवायची?”

अक्कांनी वळून बघितलं.

“खरंच विचारतोयस?”

“हो.”

“मग लिहून घे,” अक्का म्हणाल्या. “खुर्ची त्या खिडकीत. पण खिडकी आहे तिथे नको, हात-दीड हात अलीकडे पाहिजे, नाहीतर ती बाई खांबाच्या आड जाते. तुझी खाट इकडे, माझ्यापासून लांब, तू घोरतोस. स्वयंपाकाचा ओटा मला एवढा उंच चालायचा नाही. आणि आंघोळीच्या ठिकाणी धरायला दांडी हवी, एक नाही, दोन...”

चष्मेवाले लिहीत होते. पान भरलं, त्यांनी उलटलं. मैदानातले लोक खुर्च्या उचलून निघाले होते आणि आर्किटेक्टबाई खालून हाक मारत होत्या, की आता अंधार पडेल. अक्का दुसऱ्या दांडीच्या उंचीवर आल्या होत्या, आणि अजून न्हाणीघरातून बाहेर पडल्या नव्हत्या.